कुठलं पिंपळगाव? ब्राउझरमध्ये योग्य पत्त्यावर झटपट आणि न फसता कसं पोहोचायचं

आमच्या वाचनालयात दोन संगणक आहेत. शनिवारी संध्याकाळी मी तिथं बसते. कुणाला वीजबिल भरायचं असतं, कुणाला सातबारा पाहायचा असतो, कुणाला नातवाकडे जायला रेल्वेचं तिकीट काढायचं असतं. इतकी वर्षं एक दृश्य पाहते आहे. माणूस ब्राउझर (क्रोम, फायरफॉक्स असं साइट पाहायचं ॲप) उघडतो. समोर गूगलचंच पान असतं. त्यात तो 'गूगल' असं टाइप करतो. आलेल्या यादीतल्या गूगलवर क्लिक करतो. मग तिथं बँकेचं नाव लिहितो आणि जी ओळ सगळ्यात वर येईल तिच्यावर बोट ठेवतो. हसू नका. इंजिनिअर झालेली माझी भाचीसुद्धा वीजबिलाच्या बाबतीत हेच करते, फक्त जरा वेगानं.

गोची अशी की यात शोधणं आणि जाणं या दोन कामांची गल्लत होते. बहिणीच्या घरी तुम्ही दर महिन्याला जाता. तिथं जाताना दर वेळी नाक्यावर उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला पत्ता विचारता का? गूगलवर बँकेचं नाव दर वेळी नव्यानं शोधणं म्हणजे नेमकं हेच. आणि नाक्यावरच्या त्या माणसाला पैसे देऊन कुणीही सांगू शकतं, 'बँक विचारणारा आला की माझ्या दुकानात पाठव.'

सुरुवातीलाच एक सांगते. या लेखात साइटचे पत्ते मी देवनागरीत, आपण बोलतो तसे लिहिले आहेत. टाइप करताना ते इंग्रजी अक्षरांत करायचे. (शेवटी '.भारत' असलेले पूर्ण देवनागरी पत्ते २०१४पासून मिळतात, पण आपल्या रोजच्या कामाच्या साइट अजून इंग्रजी अक्षरांतच पत्ता सांगतात.) देवनागरीत लिहिण्याचा एक फायदाही आहे. इथल्या कुठल्याही पत्त्यावर नुसतं बोट टेकवून तुम्ही कुठंही पोहोचणार नाही. हातानं लिहावं लागेल, आणि मला तेच हवं आहे.

आधी ती पट्टी ओळखा

ब्राउझरच्या अगदी वर एक लांब पट्टी असते. ती पत्त्याची जागा. पानाच्या मधोमध, गूगलच्या रंगीत अक्षरांखाली जी चौकट असते ती शोधण्याची जागा. नवशिक्यांना दोन्ही सारख्याच वाटतात आणि त्यात त्यांचा दोष नाही, कारण क्रोममध्ये वरच्या पट्टीत नुसता शब्द लिहिला तरी ती शोधायला धावते. नियम सोपा आहे. मध्ये टिंब असलेला पूर्ण पत्ता लिहून एंटर दाबलं की ब्राउझर थेट त्या साइटवर जातो. टिंबाशिवाय नुसतं नाव लिहिलं की तो शोधायला जातो.

पट्टीवर माउस नेत बसू नका. कंट्रोल आणि एल एकत्र दाबा (मॅकवर कमांड आणि एल). तुम्ही कुठंही असा, कर्सर पट्टीत जातो आणि जुना पत्ता निवडलेला असतो. पुसायची गरज नाही, सरळ नवा लिहायला लागायचं. या एका युक्तीनं माझ्या शनिवारच्या मंडळींचा सगळ्यात जास्त वेळ वाचला.

ज्या साइटवर आधी गेला आहात तिची दोन-तीन अक्षरं लिहिली की ब्राउझर उरलेला पत्ता स्वतःच पुढं करतो. एंटर दाबण्याआधी तो पत्ता एकदा वाचायचा, कारण पूर्वी कधी चुकीच्या साइटवर गेला असाल तर तीही त्याच्या स्मरणात असते. तसला पत्ता सुचवणीत दिसला तर बाणाच्या बटणानं त्यावर या आणि शिफ्ट व डिलीट एकत्र दाबा. तो यादीतून जातो.

पत्ता शेवटून वाचायचा

हा भाग नीट वाचा. बाकीचं विसरलात तरी चालेल.

महाराष्ट्रात पिंपळगावं किती हे मोजायला बसलात तर दमाल. नुसतं 'पिंपळगावला या' असं कळवलं तर पाहुणे कुठं पोहोचतील याचा नेम नाही. म्हणून आपण पाकिटावर लिहितो, मु. पो. पिंपळगाव बसवंत, ता. निफाड, जि. नाशिक. पिंपळगाव हरेश्वर असेल तर ता. पाचोरा, जि. जळगाव. पत्र नेमकं कुठं जायचं हे शेवटची ओळ ठरवते. आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव.

साइटचा पत्ताही अगदी तसाच असतो. भूलेख.महाभूमी.गव्ह.इन हा पत्ता घ्या. सातबारा इथं नुसता पाहायला मिळतो. शेवटून सुरुवात करा. 'इन' म्हणजे भारत. 'गव्ह' म्हणजे सरकारी. 'महाभूमी' हे महाराष्ट्राच्या जमिनीच्या नोंदींचं घर, आणि 'भूलेख' ही त्या घरातली एक खोली. त्याच घरात 'डिजिटलसातबारा' नावाची दुसरी खोली आहे. तिथं डिजिटल सही असलेला उतारा १५ रुपयांत मिळतो. खोल्या वेगळ्या, घर एकच.

आता समजा कुणी तुम्हाला असा पत्ता पाठवला: महाभूमी.गव्ह.इन.सातबारा-झटपट.कॉम/भूलेख. डावीकडून वाचणारा 'महाभूमी, गव्ह, इन' एवढं वाचून निर्धास्त होतो. ठग त्यावरच जगतात. शेवटून वाचलं तर काय दिसतं? आधी तिरप्या रेघेनंतरचं सगळं झाकून टाका. ते घराच्या आतलं कपाट, त्यावर काय लिहायचं ते घरमालक ठरवतो. रेघेच्या आधी शेवटी आहे 'कॉम', आणि त्याच्या डावीकडे 'सातबारा-झटपट'. मालक हा. त्याच्याही डावीकडे जे आहे ते त्यानंच हौसेनं लावलेलं तोरण आहे. एक नाव विकत घेतलं की त्याच्या डावीकडे टिंब देऊन हवं ते लिहायची मुभा मालकाला असते. टपरीवर 'जिल्हाधिकारी कार्यालय' असा बोर्ड लावला म्हणून तिची कचेरी होत नाही.

म्हणजे पायऱ्या अशा. पत्त्याच्या सुरुवातीला 'एचटीटीपीएस', विसर्गासारखी दोन टिंबं आणि दोन तिरप्या रेघा असतील तर त्या सोडून द्या. (वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी २००९ साली कबूल केलं की या दोन रेघांची खरं तर गरज नव्हती. जगभरातल्या बोटांना झालेला तो फुकटचा व्यायाम.) त्यानंतर जी पहिली एकटी तिरपी रेघ येईल तिथं थांबा. तिच्या पुढचं झाका. आता त्या रेघेपासून डावीकडे, टिंबा-टिंबानं सरका. शेवटचे दोन तुकडे, किंवा शेवट 'गव्ह.इन', 'को.इन', 'बँक.इन' असा असेल तर तीन तुकडे, म्हणजे मालकाचं नाव.

क्रोम पट्टीत सुरुवातीचा भाग लपवतो, पण पट्टीत दोनदा क्लिक केलं की पूर्ण पत्ता उघडतो. फायरफॉक्स मालकाचं नाव गडद ठेवतो आणि उरलेलं फिकट करतो. म्हणून शिकवताना मला फायरफॉक्स आवडतो. मोबाइलवर पट्टी एवढीशी असते की लांब पत्ता कापलाच जातो, तिथं पत्त्यावर बोट ठेवून तो पुढंमागं सरकवून वाचायचा. कंटाळवाणं आहे, पण पैशाचं काम असेल तेव्हा तरी कराच.

जिल्ह्यांची थोडी माहिती असलेली बरी. 'गव्ह.इन' फक्त सरकारी कार्यालयांना मिळतं, ते बाजारात विकत मिळत नाही. म्हणून आधारसाठी यूआयडीएआय.गव्ह.इन, प्राप्तिकरासाठी इन्कमटॅक्स.गव्ह.इन, लाडकी बहीण योजनेसाठी लाडकीबहीण.महाराष्ट्र.गव्ह.इन असे पत्ते दिसले की आपण योग्य जिल्ह्यात आहोत हे समजायचं. याउलट नुसतं 'इन', 'कॉम' किंवा 'ऑर्ग' कुणीही, मी सुद्धा, काही शे रुपयांत घेऊ शकते. 'ऑर्ग' दिसलं म्हणजे धर्मादाय संस्थाच असणार, ही समजूत मनातून काढून टाका.

पण उलटं गृहीत धरू नका. प्रत्येक खऱ्या साइटच्या शेवटी 'गव्ह.इन' असतंच असं नाही. महावितरणचा पत्ता महाडिस्कॉम.इन आहे आणि रेल्वे तिकिटांचा आयआरसीटीसी.को.इन. इथं शेवट पाहून काही ठरत नाही, अख्खं नाव ठाऊक असावं लागतं. ते कुठून मिळवायचं ते पुढं सांगते.

बँकांच्या बाबतीत आता एक सोय झाली आहे. रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०२५मध्ये जाहीर केलं की भारतातल्या बँकांसाठी 'बँक.इन' हा राखीव शेवट असेल, आणि त्यावर जाण्यासाठी बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत मुदत दिली. स्टेट बँकेचा पत्ता एसबीआय.बँक.इन असा झाला तो यामुळेच. बँक नसलेल्या कुणालाही हा शेवट मिळत नाही. फक्त यातली मेख लक्षात घ्या: 'बँक'च्या आधी टिंबच हवं. अमुक.बँक.इन वेगळं, आणि अमुक-बँक.इन किंवा अमुकबँक.इन वेगळं. दुसऱ्या दोन्हीत मालकाचं नाव 'अमुक-बँक' किंवा 'अमुकबँक' आहे आणि शेवट नुसता 'इन', म्हणजे कुणालाही मिळणारा. एका आडव्या रेघेनं जिल्हा बदलला.

अक्षरांची फसवाफसवी आपल्याला नवी नाही. 'ध' आणि 'घ', 'भ' आणि 'म' यांत गडबड करून आपण सगळ्यांनीच शाळेत मार खाल्ला आहे. इंग्रजीत आर आणि एन जवळजवळ लिहिले की लांबून एम वाटतो. लहान एल, मोठा आय आणि एक हा आकडा भावंडांसारखे दिसतात. ओ आणि शून्याचं तेच. रशियन लिपीतलं एक अक्षर तर इंग्रजी 'ए'सारखं हुबेहूब दिसतं, ते डोळ्यांनी ओळखणं कुणालाच शक्य नाही. अशा वेळी डोळ्यांवर विसंबू नये. पुढं बुकमार्क आणि पासवर्डबद्दल सांगते आहे ते यासाठीच.

आणि पत्त्यात पहिल्या एकट्या तिरप्या रेघेच्या आधीच @ हे चिन्ह दिसलं तर? त्याच्या डावीकडे काहीही लिहिलेलं असो, ब्राउझर उजवीकडच्या ठिकाणी जातो. तसली लिंक सरळ सोडून द्या.

पहिली भेट कागदावरून

नव्या साइटवर पहिल्यांदा जाताना पत्ता कागदावरून घ्या. वीजबिलावर छापलेला असतो. पासबुकावर, डेबिट कार्डाच्या मागं, विमा पॉलिसीच्या पहिल्या पानावर असतो. सरकारी कामासाठी आयगॉड.गव्ह.इन ही सरकारी साइटची यादी आहे. केंद्र, राज्य, जिल्हा असं उतरत जाता येतं.

दुसरी वाट म्हणजे मोठ्या घरातून खोलीत जाणं. जुन्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट लावायची असेल तर 'नंबरप्लेट' शोधू नका. राज्याच्या परिवहन विभागाच्या ट्रान्सपोर्ट.महाराष्ट्र.गव्ह.इन या पत्त्यावर जा. प्लेट बसवणाऱ्या कंपन्या खासगी आहेत, त्यांचे पत्ते वेगळे आहेत, पण तिकडं जाणारा दरवाजा विभागाच्या पानावर आहे. केदारनाथच्या हेलिकॉप्टरचंही तसंच: त्याचं बुकिंग हेलियात्रा.आयआरसीटीसी.को.इन इथं होतं, म्हणजे रेल्वे तिकिटांच्याच घरातली एक खोली. यात्रेच्या हंगामात याच नावानं कितीतरी बनावट साइट उगवतात. शेवटून वाचणारा त्यांना पट्टीतच ओळखतो.

मग तिथंच खूण ठेवा

योग्य पानावर पोहोचलात की कंट्रोल आणि डी दाबा. बुकमार्क झाला. नावाच्या चौकटीत साइटवाल्यांनी दिलेलं लांबलचक नाव असतं ते पुसून आपलं लिहा: वीज, बँक, सातबारा, रेल्वे. मराठीत लिहिलेलं चालतं. कंट्रोल, शिफ्ट आणि बी दाबलं की ही नावं पट्टीखाली एका ओळीत कायम दिसू लागतात. आमच्या वाचनालयात येणाऱ्या एका आजींनी त्यांच्या पट्टीवर 'पेन्शन', 'लेकीचे फोटो' आणि 'औषध' एवढीच तीन नावं ठेवली आहेत. त्यांना गूगल कशाला लागतं तेच त्या विसरल्या.

बुकमार्क मुख्य पानाचा करा, आत लॉगिन झाल्यावर दिसणाऱ्या पानाचा नको. आतलं पान दुसऱ्या दिवशी 'सत्र संपलं' म्हणून बाहेर काढतं आणि मग माणूस वैतागून पुन्हा शोधायला जातो. मोबाइलवर क्रोममध्ये तीन टिंबांच्या यादीत तारा असतो, तो दाबायचा.

पासवर्ड ब्राउझरला लक्षात ठेवायला द्यावा का, असं बरेच जण भीत भीत विचारतात. घरचा, स्वतःचा, कुलूप लावलेला संगणक असेल तर माझं मत 'हो' असं आहे, आणि त्याचं कारण सोय नाही. ब्राउझर पासवर्ड पत्त्याशी बांधून ठेवतो. 'ध' आणि 'घ'मध्ये तुम्ही चुकाल, तो चुकत नाही. रोज आपोआप भरला जाणारा पासवर्ड एखाद्या दिवशी भरलाच गेला नाही, तर चिडून हातानं टाइप करू नका. आधी पत्ता वाचा. बहुधा तुम्ही भलत्याच पिंपळगावात उभे आहात.

शोधायचंच असेल तेव्हा

पाककृती, बातम्या, कवितेचा अर्थ, कुठल्याशा किल्ल्याची वाट यासाठी खुशाल शोधा. शोधण्याची सोय त्यासाठीच आहे. फक्त यादीत सगळ्यात वर ज्या ओळींजवळ 'प्रायोजित' असं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं त्या जाहिराती असतात. पैसे भरले म्हणून त्या वर आल्या. त्या सगळ्या खोट्या असतात असं मी म्हणत नाही, पण पैशाच्या किंवा ओळखपत्राच्या कामासाठी त्यांना हात लावू नका.

ग्राहक सेवेचा फोन नंबर मात्र कधीही शोधू नका. माझ्या मावशीनं एका बँकेचा नंबर असाच शोधला. पहिल्या ओळीत मिळाला, लगेच उचललाही गेला, आणि पलीकडचा माणूस फार गोड बोलत होता. आमच्या घरात आजही कुणी फोन पहिल्याच रिंगला उचलला की मावशी दचकते. तिचे किती गेले ते ती सांगत नाही, आम्हीही विचारत नाही. नंबर कार्डाच्या मागं छापलेला होता, पर्समध्ये, हाताच्या अंतरावर.

कुलपाचा अर्थ

'कुलपाचं चित्र दिसतं म्हणजे साइट खरी' असं पूर्वी सगळेच शिकवायचे. मीही शिकवलं, आता त्याची लाज वाटते. कुलूप एवढंच सांगतं की तुमच्या आणि त्या साइटच्या मधल्या वाटेवर कुणी तुमचं बोलणं ऐकू शकत नाही. पलीकडं कोण बसलं आहे याबद्दल ते मूग गिळून असतं. चोराशी बंद खोलीत बोललात तरी बोलणं गुप्तच राहतं. असं कुलूप लावायला लागणारं प्रमाणपत्र २०१५पासून फुकटही मिळतं, त्यामुळे ठगांच्या साइटवरही ते दिमाखात लटकलेलं असतं. क्रोमनं सप्टेंबर २०२३मध्ये कुलपाचं चित्रच काढून त्या जागी दोन आडव्या रेघांवर गोळे असलेलं साधं चिन्ह आणलं ते याच गैरसमजामुळे.

पट्टीत 'सुरक्षित नाही' असं आलं, तर मात्र तिथं पासवर्ड किंवा कार्डाचा नंबर लिहायचा नाही. नुसतं वाचायला हरकत नाही.

कुणी लिंक पाठवली तर

'आज रात्री वीज तोडली जाईल', 'पार्सल अडकलं आहे', 'केवायसी बाकी आहे'. घाई करायला लावणारी प्रत्येक लिंक संशयित धरा. संगणकावर लिंकवर क्लिक न करता माउस नुसता टेकवा, डाव्या कोपऱ्यात खाली खरा पत्ता उमटतो. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये लिंक दाबून धरली की पत्ता दिसतो. व्हॉट्सॲपवर लिंकसोबत येणारं चित्र आणि मोठं शीर्षक पाहू नका, निळ्या अक्षरांतला पत्ता वाचा. शेवटून.

खरं तर याहून सोपा उपाय आहे. लिंक तशीच राहू द्या. स्वतःचा बुकमार्क उघडा, आत जाऊन पाहा. बिल खरंच थकलं असेल तर तिथं दिसेलच.

लिंक उघडल्यावर शेवटी 'एपीके' असलेली (म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी) फाइल उतरू लागली तर तत्क्षणी थांबवा. गाडीच्या दंडाची पावती किंवा लग्नपत्रिका म्हणून अशा फाइल फिरतात. पत्रिका फोटो म्हणून येते, पीडीएफ म्हणून येते. ॲप म्हणून येणाऱ्या पत्रिकेतलं लग्न कुणाचंच नसतं.

हात जरा चालता व्हावा म्हणून

कंट्रोल आणि टी, नवा टॅब. कंट्रोल आणि डब्ल्यू, समोरचा टॅब बंद. चुकून बंद झाला? कंट्रोल, शिफ्ट आणि टी, परत येतो. अर्धा भरलेला फॉर्म मात्र बहुतेक वेळा रिकामा होऊन येतो, तेव्हा फार आशा ठेवू नका. ऑल्ट आणि डावा बाण, मागचं पान. कंट्रोल आणि एफ, पानावर शब्द शोधणं. लांबलचक शासन निर्णयात आपल्या तालुक्याचं नाव शोधायला याला तोड नाही. गेल्या आठवड्यात पाहिलेलं पान हवं असेल तर कंट्रोल आणि एच. यादीतली लिंक माउसच्या मधल्या चाकानं दाबली तर ती नव्या टॅबमध्ये उघडते आणि यादी जागची हलत नाही.

कंट्रोल आणि एंटर दाबलं की लिहिलेल्या नावापुढं 'कॉम' आपोआप लागतं, असंही बरेच जण शिकवतात. मी शिकवत नाही. आपली निम्मी कामं 'इन'वर असतात, आणि ती युक्ती भलतीकडेच नेते.

लाल पान, पांढरं पान आणि बोंबलणारं पान

पूर्ण लाल पान येऊन 'पुढं धोकादायक साइट आहे' असं सांगितलं तर ब्राउझरचं ऐका आणि मागं फिरा.

'साइटवर पोहोचता येत नाही' असं आलं तर आधी स्पेलिंग तपासा, मग नेट. '४०४' आलं तर घर बरोबर आहे पण ती खोली आता नाही. पत्त्यातलं पहिल्या एकट्या तिरप्या रेघेनंतरचं पुसून एंटर दाबा, मुख्य पान येईल.

'तुमचं कनेक्शन खासगी नाही' हा इशारा एकाच साइटवर आला तर तिथं थांबणं बरं. पण सगळ्याच साइटवर येऊ लागला तर संगणकाचं घड्याळ पाहा. जुन्या संगणकातला गोल सेल मेला की तारीख कित्येक वर्षं मागं जाते आणि ब्राउझरला सगळी प्रमाणपत्रं चुकीच्या तारखेची वाटतात. आमच्या वाचनालयातला एक संगणक पूर्ण पावसाळाभर असा रुसला होता. सीआर २०३२ नावाचा बटणासारखा सेल बदलला, तारीख लावली, बरा झाला.

आणि बोंबलणारं पान. स्क्रीनभर पसरतं, आवाज करतं, 'व्हायरस सापडला, या नंबरवर फोन करा' म्हणतं. ते निव्वळ एक वेबपान आहे, संगणकाला काही झालेलं नाही. एस्केपचं बटण काही सेकंद दाबून धरा, मग टॅब बंद करा. नाहीच ऐकलं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझरच बंद करा. फोन करायचा नाही. अशी पानं पुष्कळदा 'सूचना पाठवू का?' या प्रश्नाला पूर्वी कधी 'हो' म्हटल्यानं मागं लागलेली असतात. बातम्यांच्या साइट हा प्रश्न सारखा विचारतात. उत्तर 'नाही' ठेवा. आधीच होकार दिला असेल तर पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करून तो काढून घेता येतो.

परक्या संगणकावर

सेवा केंद्रात किंवा वाचनालयात बसलात तर कंट्रोल, शिफ्ट आणि एन दाबून खासगी खिडकी उघडा (फायरफॉक्समध्ये एनच्या जागी पी). काम झालं की लॉगआउट करून ती बंद करा. तुम्ही कुठं गेलात हे त्या ब्राउझरच्या यादीत राहत नाही. पण संगणकातच कुणी तुमची टाइप केलेली अक्षरं टिपणारं काही बसवलं असेल तर खासगी खिडकी त्याला अडवत नाही. म्हणून बँकेचं काम परक्या संगणकावर नकोच. उतरवलेली आधारची प्रत 'डाऊनलोड्स'मधून आणि मग रीसायकल बिनमधूनही काढा. आमच्याकडं दर शनिवारी तिथं दोन-चार लोकांची कागदपत्रं पडलेली असतात.

चुकीच्या दारात गेलातच तर

नुसतं पान उघडलं आणि काही लिहिलं नाही, तर टॅब बंद करा. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं.

पासवर्ड लिहिला असेल तर लगेच, स्वतःच्या बुकमार्कवरून खऱ्या साइटवर जाऊन तो बदला. तोच पासवर्ड आणखी कुठं वापरत असाल तर तिथंही बदला. पैसे गेले असतील तर लाज बाजूला ठेवून १९३० या नंबरवर फोन करा. चार आकडे आहेत, आजच पाठ करा, त्या क्षणी गूगलवर शोधायला जाऊ नका. रक्कम, वेळ, कुठल्या खात्यातून गेले ते आणि व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवा. जितक्या लवकर कळवाल तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवली जाण्याची शक्यता जास्त. कार्डाच्या मागच्या नंबरवरून बँकेलाही कळवा. लेखी तक्रार सायबरक्राइम.गव्ह.इन इथं करता येते.

त्या बनावट साइटचा पूर्ण पत्ता लिहून घ्या आणि स्क्रीनचा फोटो काढा, तक्रारीत लागतो. ते झालं की शेवटचं एक काम राहतं, आणि ते बहुतेक सगळे विसरतात. कंट्रोल आणि एल दाबा, त्या पत्त्याची पहिली दोन अक्षरं लिहा, सुचवणीत तो वर आला की त्यावर येऊन शिफ्ट आणि डिलीट दाबा. नाहीतर पुढच्या महिन्यात बिल भरायला बसाल तेव्हा ब्राउझर अगदी इमानदारीनं तोच पत्ता पुन्हा पुढं करेल.